बाबांचे पाय नट्टोत

"तोजी, खरं सांगा, तुम्ही थंडीत चोरून नट्टो खाता की नाही?"

हा प्रश्न मी विचारला. मी, चिगुसा मुराकोशी, इयत्ता आठवी, जिची हजेरी घेताना बाई दरवेळी मान वर करून "आलीय ना?" असं शेजारच्या मुलीला विचारायच्या. शाळेच्या व्यायामशाळेत गार फरशीवर दीडशे मुलं बसली होती. समोर साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्याचे मुख्य कारागीर उसुदा तोजी 'आपल्या गावाचा वारसा' या विषयावर बोलत होते. बोलत होते म्हणजे दर दोन मिनिटांनी एक वाक्य. माझ्या वर्गातल्या वाकाना आणि कोझुए दोन्ही बाजूंनी मला कोपरं मारत होत्या. "विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू." मला दप्तराचा मोह नव्हता. पण "जाऊ दे गं, हिच्याच्याने नाही व्हायचं," असं वाकाना कोझुएला म्हणाली, तेही माझ्या कानावरून, आणि मी हात वर केला.

मुख्याध्यापकांचा चेहरा सोललेल्या मुळ्यासारखा झाला. तोजींनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एवढ्या वेळात मी मनातल्या मनात शाळा बदलली, नाव बदललं आणि दुसऱ्या बेटावर जाऊन मासे साफ करायला लागले. मग ते म्हणाले, "नोव्हेंबर ते एप्रिल, नाही. एक मेला खातो. तीन वाट्या. एकामागून एक."

व्यायामशाळेचं छप्पर उडायचं राहिलं. मुलं अक्षरशः लोळली. मी खाली बसले ती वेगळी मुलगी होऊन बसले. माझ्या आयुष्याचे दोन भाग करायचे झाले, तर रेघ इथे मारावी लागेल.

आता हा प्रश्न इतका भयंकर का, ते सांगते. नट्टो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. चिकट, वासाचं, काड्यांनी उचललं की हातभर तारा सुटणारं. सगळा देश सकाळी गरम भातावर घालून खातो. आमच्या गावात मात्र नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही, कारण तेव्हा कारखान्यात साके बनत असते. साकेसाठी आधी कोजी लागते, म्हणजे वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली बुरशी, आणि नट्टोचे जंतू कोजीत शिरले की लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्यांसारखे वागतात. सगळं खातात, सगळं चिकट करून ठेवतात आणि जायचं नाव घेत नाहीत. शिवाय ते उकळूनही मरत नाहीत. म्हणून कारखान्यातली माणसं, त्यांच्या बायका, त्यांची मुलं, सगळ्यांना सहा महिने बंदी. गावच्या दुकानात नट्टो मिळतं, पण दुकानदारीण ते वर्तमानपत्रात गुंडाळून देते आणि देताना रस्त्याच्या दोन्ही बाजू बघून घेते.

आणि माझे बाबा कोजीखोलीचे प्रमुख. बावीस वर्षं. त्यातही गंमत अशी की बाबा मूळचे मितोचे, म्हणजे नट्टोसाठी देशभर नावाजलेल्या शहराचे. मितोच्या माणसाला नट्टो सोडायला लावणं म्हणजे बेडकाला तळं सोडायला लावणं. पण त्यांनी सोडलं, आईशी लग्न केलं, आमच्या बर्फात राहिले आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

एवढं सगळं मला माहीत होतं. तरीही तोजींच्या व्याख्यानानंतरच्या तासाला गृहशास्त्राच्या हिगाशिओबाईंनी जेव्हा सांगितलं, "प्रत्येकीनं आणि प्रत्येकानं घरी एक साधं पारंपरिक जेवण करायचं. भात, एक सूप, तीन पदार्थ. निदान एक पदार्थ मुळापासून स्वतः बनवलेला हवा," तेव्हा मी उभी राहिले. कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी उठसूट उभी राहत होते.

"बाई, मी नट्टो बनवणार. मुळापासून."

वर्गातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. वाकानाचे बाबा कारखान्यात बाटल्या धुतात, कोझुएचे काका हौदांवर असतात, आणि खुद्द हिगाशिओबाईंचे यजमान तिथे तांदूळ वाफवतात.

"मुराकोशी," बाई हळूच म्हणाल्या, "लोणचं घाल ना छानसं."

"लोणचं कोणीही घालतं, बाई."

हे वाक्य बोलताना मला इतकं भारी वाटलं, की पुढची सगळी कथा त्या एका वाक्याची भरपाई आहे असं समजा.

बाईंनी नाइलाजाने अर्ज दिला. शाळेत स्वयंपाकालाही अर्ज लागतो. पदार्थांची नावं, साहित्य, विस्तव कोण पेटवणार, आणि खाली पालकांचा शिक्का, म्हणजे आमच्याकडची सही. मी लिहिलं: भात, मिसो सूप, गुंडाळलेलं ऑम्लेट, तीळ लावलेला पालक, नट्टो. नट्टो जरा बारीक लिहिलं. लपवलं म्हणणार नाही. पालकाच्या सावलीत लिहिलं.

बाबा पहाटे पाचला कारखान्यात जातात, साडेसातला न्याहारीला घरी येतात आणि आठला परत. शुक्रवारी आठला दोन मिनिटं कमी असताना, त्यांचा एक हात कोटात आणि दुसरा बाहेर असताना, मी अर्ज पुढे केला.

"काय आहे?"

"शाळेचं. स्वयंपाकाचं."

"वा! आगीपाशी जपून हं," असं म्हणून त्यांनी शिक्का ठप्पकन मारला. त्यांनी तो वाचला नाही याला मी काय करणार? आमच्याकडे शिक्का मारला म्हणजे वाचलं असंच धरतात. सगळा देश यावरच चाललाय.

आता नट्टो करायचं तर भाताचं काड हवं. काडावर नट्टोचे जंतू आपसूकच राहतात. समोरच्या मिनोबेकाकूंकडे काडाचा ढीग असतो, कारण त्या नववर्षाच्या दारावरच्या माळा विणतात आणि वर्षभर सल्ले विणतात. काकू एकट्या असतात आणि त्यांचं कारखान्याशी कसलंच नातं नाही, त्यामुळे गावात त्याच एक स्वतंत्र नागरिक.

"काड कशाला गं? पायताणं वळायला?"

"शाळेचा प्रकल्प आहे, काकू."

"मग हे घे, उंच रोपांचं. आणि ऐक, वळताना काड ओलं कर, नाहीतर तुटतं. तुझ्या आईला सांग, अंगणातला बर्फ डावीकडे लोटत जा, उजवीकडे माझी कोबी आहे. आणि तुझ्या बाबांना म्हणावं, केस कापा."

काड आलं. शनिवारी शाळेला सुट्टी, आई कामावर. आई नगरपालिकेत कचऱ्याच्या खात्यात आहे. कोणत्या वारी कोणता कचरा, हे सांगणारं बत्तीस पानी पुस्तक आईनंच लिहिलंय, आणि आमच्या घरात ते पूज्य मानलं जातं. आई नसताना मी भिजवलेलं सोयाबीन बोटांनी सहज चिरडेल इतकं मऊ शिजवलं, काड उकळून घेतलं, त्याच्या तीन जुड्या बांधल्या, आत गरम गरम दाणे भरले, टॉवेलमध्ये गुंडाळले. आता यांना एक दिवस चांगली ऊब हवी.

ऊब म्हटलं की कोतात्सू. खाली हीटर, वर रजई, त्यावर फळी, असं बुटकं टेबल. हिवाळ्यात सगळं घर त्यात पाय घालून बसतं. आमच्याकडे मात्र सकाळची न्याहारी स्वयंपाकघरात, स्टोव्हपाशी होते, त्यामुळे रविवारी सकाळी कोतात्सूकडे कोणी फिरकणार नाही, असा माझा हिशेब. रात्री आई-बाबा झोपल्यावर मी माझ्या अंथरुणात उबवत ठेवलेल्या जुड्या रजईखाली सरकवल्या, हीटर मंद केला आणि रविवारी नऊपर्यंत झोपले. विजेत्यांची झोप अशीच असते.

नऊला उठून रजई उचलली, आणि पाहते तर काय! एक जुडी कोपऱ्यात शाबूत. बाकीच्या दोन चपट्या. काड फाटलेलं, दाणे बाहेर, टॉवेलवर पसरलेले, आणि त्यात अगदी स्पष्ट, पाच पाच बोटांसकट, दोन पावलांचे ठसे. अनवाणी.

"आई! कोतात्सूत कोण बसलं होतं?"

"बाबा," आई आतून म्हणाली. "स्टोव्हचं रॉकेल संपलं ना सकाळी, म्हणून इकडेच वाढलं त्यांना. मोजे बर्फात भिजले होते, तर काढून बसले. किती खूश झाले माहितीये? म्हणाले, चिगुसानं पाय शेकायला गरम पिशवी ठेवलीय. पंचवीस मिनिटं हलले नाहीत. उठताना म्हणाले, पाय अजून ओलेच, आणि तसेच मोजे चढवून गेले. अगं, तू रडतेस का?"

मी रडत नव्हते. मी बाबांना डोळ्यांपुढे पाहत होते. ते आता कोजीखोलीत असणार, गरम तांदळाच्या थरावर वाकून. आणि येत्या शनिवारपासून स्पर्धेच्या साकेची कोजी लागणार होती. वर्षातून एकदाच पाठवतात ती साके. तिची कोजी बाबांशिवाय कोणी लावत नाही. बाबा बारा महिने त्या एका आठवड्यासाठी जगतात. यंदा तर त्यांनी नखं कापायचीसुद्धा तारीख ठरवून ठेवली होती.

गप्प बसायचा विचार आला का? आला. आठ सेकंद राहिला. मग मी कोट अडकवला आणि पळाले.

फाटकाशी पोचल्यावर लक्षात आलं, मी आत जाऊ शकत नाही. माझ्या हाताला, केसांना, बहुधा पापण्यांनाही नट्टो होतं. मी रोगाची साथ होते. म्हणून मी फाटकाबाहेरच्या बर्फात उभी राहिले आणि ओरडले, "कोणी आहे का?"

कारकून नेबुका खिडकीतून डोकावले. "काय काम आहे?"

"तोजींना बोलवा!"

"भेटीची वेळ घेतलीय?"

"तोजीऽऽ!"

हौदांच्या शेडमधून तोजी बाहेर आले. मागून चार-पाच माणसं आली. रविवार असल्यामुळे रस्त्यावरही बरीच माणसं होती, हे सांगायला नको. माझ्यात आणि तोजींत वीस पावलं अंतर होतं. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"जवळ येऊ नका!" मी ओरडले.

ते थांबले. आयुष्यात त्यांना असं कोणी सांगितलं नसेल.

"काय झालं?"

"बाबांचे पाय नट्टोत पडले!"

कुणाच्या तरी हातून बादली पडली.

"कुठले पाय?" तोजींनी विचारलं.

"दोन्ही!"

"किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं! त्यांना वाटलं गरम पिशवी आहे!"

तेवढ्यात बाबा बाहेर आले. पांढऱ्या कपड्यात, डोक्याला फडकं, आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचं ते हसू. त्यांनी म्हणे सगळ्या शेडला सांगितलं होतं, माझी पोर बघा किती मायाळू, वडिलांचे पाय शेकते. मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, माझा पाहिला, आणि हळूच आपल्या पायांकडे पाहिलं. तो क्षण मला विसरायचा आहे, त्यामुळे इथे त्याबद्दल लिहीत नाही.

तोजींनी पुढे काय केलं, तर शांतपणे चौकशी. बाबा कोजीखोलीत शिरण्याआधी पाय गुडघ्यापर्यंत धुतात का? धुतात, बावीस वर्षं, एक दिवस चुकलेला नाही. कपडे बदलतात का? बदलतात. मोजे? कोजीखोलीत अनवाणीच.

"खोलीत सध्या आहे ती कोजी मंगळवारी निघेल," तोजी म्हणाले. "चिकट निघाली तर फेकू. मुराकोशी, तू पाच दिवस इथे यायचं नाहीस. आणि त्या घरातही राहायचं नाहीस. सहाव्या दिवशी स्वच्छ आलास तर स्पर्धेची कोजी तूच लावायची. नाही आलास, तर यंदा पाठवायची नाही."

दुसऱ्याकडून लावून घेऊ, असं ते म्हणाले नाहीत. पाठवायचीच नाही, असं म्हणाले. एवढ्यानं बाबा अजूनच खचले.

आता नेबुका फायली घेऊन सरसावले. कारखान्यात संपर्कासाठीही अर्ज आहे. प्रकार: खाल्लं, स्पर्श झाला, वास घेतला. तीन चौकोन, एकावर खूण करा.

"'तुडवलं' असा रकाना नाही," नेबुका चिंतेत पडले. "स्पर्श म्हणावं तर स्पर्श हातानं होतो. तुडवणं वेगळं. पट्टीनं आखून नवा रकाना करतो. बरं, हा पदार्थ घरात कोणाच्या परवानगीनं आला?"

मी खिशातून शाळेनं मंजूर करून परत दिलेला अर्ज काढला. फाटकाच्या गजांतून काठीनं सरकवला. नेबुकांनी चष्मा वर केला.

"मुराकोशी, हा शिक्का तुमचाच?"

बाबांनी पाहिलं. पालकाच्या सावलीतलं ते बारीक अक्षर पाहिलं.

"माझाच," ते म्हणाले. "मीच परवानगी दिली."

दुपारी बाबांची रवानगी समोरच्या मिनोबेकाकूंकडे झाली, कारण जवळपास नट्टोमुक्त आणि कारखान्याशी संबंध नसलेलं घर तेवढं एकच. आमचं घर आणि काकूंचं घर यांच्यात गल्ली आहे, सहा पावलं रुंद. आई बाबांचे धुतलेले कपडे बर्फ लोटायच्या फावड्यावर ठेवून त्यांच्या खिडकीत पोचवायची. बाबा खिडकीत बसून स्वतःच्या घराकडे बघायचे. त्यांच्याकडे बघून काही वेळा मला वाटायचं, आपण त्यांना जहाजावर चढवून परदेशी पाठवलंय आणि जहाज हलतच नाहीये.

मिनोबेकाकूंना मात्र स्वर्ग. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी बाबांचे पाय व्हिनेगरमध्ये बुडवले. मग मिठाच्या पाण्यात. मग लिंबाच्या सालींच्या पाण्यात. मग म्हणाल्या, "खरं तर साकेत बुडवायला हवेत, तिथलं पाप तिथेच फिटेल," आणि बाबांनी तेवढ्याला नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांकडून छपरावरचा बर्फ काढून घेतला, दिवा बदलून घेतला, कपाटाचं दार बसवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी केसही कापायला घेतले. स्वतःच्या हातांनी. समोरून आईला ओरडून म्हणाल्या, "पोरीला सांग, दर वर्षी बनव!"

आईचं दुःख वेगळंच. ती स्वयंपाकघरात तिचंच बत्तीस पानी पुस्तक उघडून बसली होती.

"तुडवलेलं नट्टो, काडासकट, टॉवेलसकट," ती म्हणाली. "जळणारा म्हणावं तर ओला. ओला म्हणावं तर काड बागेचा कचरा. बाग म्हणावी तर टॉवेल कापड." तिनं पानं उलटली, परत उलटली. "मीच लिहिलंय हे, आणि यात नाहीये."

शेवटी तिनं कार्यालयात फोन केला आणि नाव न सांगता चौकशी केली. तिकडून तिच्याच हाताखालच्या माणसानं तिला तिचंच पुस्तक वाचून दाखवलं.

मंगळवारी शाळेतून येताना मी कारखान्याच्या फाटकाच्या पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले. वाकाना आणि कोझुए माझं दप्तर घेऊन मागे. पैज म्हणजे पैज. दोघींचे चेहरे पांढरे, कारण गावात बोलणं सुरू झालं होतं, मुराकोशीची पोरगी आणि तिचं मित्रमंडळ. शाळेत मुलं मला 'गरम पिशवी' म्हणायला लागली होती. मी मान ताठ ठेवून चालायचे, पण ताठ मानेला थंडी जास्त लागते, हे कोणी आधी सांगत नाही.

नेबुका बाहेर आले. घसा साफ केला. एवढ्या बातमीसाठी त्यांनी टाय लावला होता.

"कोजी निघाली. तोजींनी मूठभर तळहातावर घेतली, चोळली, वास घेतला, एक दाणा चावला."

"आणि?"

"कोरडी आहे. भाजलेल्या चेस्टनटचा वास. काही नाही झालेलं."

वाकाना तिथेच बर्फात बसली आणि माझ्या दप्तरावर डोकं टेकून रडायला लागली. मी नाही रडले. मी फक्त घरापर्यंत पळत गेले आणि गल्लीतून ओरडले, "बाबा, कोरडी!" बाबांनी खिडकीत उभं राहून कंबरेतून वाकून कारखान्याच्या दिशेला नमस्कार केला. काकू म्हणाल्या, "हललात! कानाला लागली असती कात्री!"

म्हणजे आता शनिवारपर्यंत बाबा स्वच्छ राहिले की झालं. आणि माझा प्रकल्प? तो शुक्रवारी द्यायचा होता. तिसरी जुडी शाबूत होती, आईच्या नजरेआड मी ती न्हाणीघरात गार ठिकाणी पिकत ठेवली होती. घर बाटलेलंच होतं, आणखी काय बाटणार?

"बाई, मी प्रकल्प सोडते," मी हिगाशिओबाईंना म्हणाले. मला वाटलं त्यांना आनंद होईल.

"अर्ज मंजूर झालाय, मुराकोशी. मंजूर अर्ज मागे घ्यायला वेगळा अर्ज आहे, आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही लागते. ते गावाला गेलेत." मग बाई जरा मऊ झाल्या. "कर गं. आता केलंयस तर कर. फक्त शेवटच्या पानावर पालकांचा अभिप्राय हवा. ज्यांचा शिक्का, त्यांचाच अभिप्राय."

म्हणजे बाबांचा. आणि बाबांनी एक दाणा जरी खाल्ला, तरी पाच दिवस परत पहिल्यापासून.

गुरुवारी संध्याकाळी मी आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली, आणि समोर बाबांनी काकूंची. दोघांत सहा पावलं, अधूनमधून बर्फाचे कण. मी भात वाढला, सूप वाढलं. ऑम्लेट गुंडाळताना एकदा फाटलं, ते फाटलेलं टोक आतल्या बाजूला दडवलं. आई दाराशी नाकाला रुमाल लावून उभी होती. ती याच गावची, तिनं जन्मात, उन्हाळ्यातसुद्धा, नट्टो चाखलं नव्हतं.

मी काडाची जुडी उघडली. वास आला आणि आई एक खोली मागे सरकली. दाण्यांवर पांढरी साय धरली होती, काड्या लावल्या तर तार सुटली. लांब, बारीक, न तुटणारी.

"बाबा, तारा सुटतायत!"

"वाटीत घे," पलीकडून आवाज आला. "सॉस घालू नकोस अजून!"

"मोहरी?"

"काहीच नको! आधी ढवळ. काड्या उभ्या धर. एका दिशेनं."

मी ढवळायला लागले. बाबांनी डोळे मिटले आणि कान खिडकीकडे केला.

"जोरात. अजून पाणचट आवाज येतोय. टकटक ऐकू येतेय, ती वाटीची. काड्या बुडाला लागू देऊ नकोस."

"किती वेळा?"

"मोजू नकोस. ऐक."

मी ऐकलं. पन्नास, शंभर, हात दुखायला लागला. मग खरंच आवाज बदलला. टकटक गेली, जड झाला, खर्जात गेला, जणू वाटीत काहीतरी घोरतंय.

"हां!" बाबा एकदम ओरडले. "हां, हा! आता सॉस, दोन थेंब! चिगू, माझी आई असाच आवाज काढायची! अगं, मुठीत धर वाटी, वाकू नकोस, आता भातावर घाल, सगळं एकदम नाही, थोडं थोडं!"

गल्लीतून जाणारे दोघे थांबले. काकू मागून म्हणाल्या, "मुराकोशी, इतकं ओरडू नका, शेजारी मीच आहे." बाबांना ऐकूच गेलं नाही. ते खिडकीबाहेर निम्मे आले होते. बावीस हिवाळ्यांत त्यांनी याबद्दल एक शब्द काढला नव्हता आणि आता बर्फ त्यांच्या उघड्या, वेडेवाकडे केस कापलेल्या डोक्यावर पडत होता, आणि ते मला विचारत होते, "गरम आहे ना भात? वाफ येतेय? मग खा! खा ना!"

मी खाल्लं. चवीबद्दल मी एवढंच सांगेन की मी लगेच दुसरा घास उचलला, आणि आई, जिला मी आयुष्यभर ओळखते, ती रुमाल काढून पुढे आली आणि म्हणाली, "मला एक घास."

अभिप्रायाच्या रकान्यात बाबांनी काकूंच्या पेनानं लिहिलं: 'आवाज उत्तम.' आणि खाली शिक्का. यावेळी आधी तीनदा वाचून.

शुक्रवारी हिगाशिओबाईंनी तो कागद तीन वेळा वाचला. "मुराकोशी, इथे 'चव' असं छापलंय. आवाजाला रकाना नाही."

"आखून घ्या ना, बाई. पट्टी देऊ?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खरंच पट्टी घेतली.

आईनं शुक्रवारी रजा काढून घरातली चादर न् चादर, भांडं न् भांडं तासन्‌तास वाफवलं, कोतात्सूची रजई दूरच्या धोबिणीकडे पाठवली, आणि कचऱ्याच्या पुस्तकात हातानं एक ओळ वाढवली. शनिवारी पहाटे बाबा काकूंच्या घरूनच थेट कारखान्यात गेले. फाटकाशी तोजी स्वतः उभे होते. त्यांनी म्हणे बाबांच्या पायांकडे बघितलं आणि ते बाजूला झाले. आठवडाभर बाबा फक्त न्याहारीला घरी आले, चेहरा ओढलेला, डोळे चमकणारे, हातांना तांदळाचा वास. स्पर्धेची कोजी लागली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते दोन घास जास्त जेवले तेव्हा मी ओळखलं, चांगली लागलीय. स्टोव्हमध्ये रॉकेल भरपूर होतं. आई चहा ओतत होती. माझ्या पुढ्यात शाळेचा कागद होता, नववीनंतर कुठल्या शाळेत जायचंय ते महिनाअखेर भरून द्यायचा. आईनं त्यावर पेन्सिलनं शहरातल्या मुलींच्या शाळेचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. मी ते खोडरबरानं पुसलं, हात टेबलावर ठेवले, आणि हो, उभी राहिले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी मितोच्या शेतकी शाळेत जाणार, आंबवण्याच्या शाखेला. आत्याकडे राहीन, तिला कालच फोन केलाय, ती हो म्हणाली आणि मग रडली. मी नट्टो करायला शिकणार, नीट, मुळापासून. नोव्हेंबर ते एप्रिल मी घरी येणार नाही. आणि रडत दाराशी आलेच, तर मला आत घेऊ नका."